पाचूकडे पाठ करून

पाचूला, म्हणजे आमच्या शॅमेलिऑनला, रंग बदलणाऱ्या त्या सरड्याला, पाणी कसं पाजायचं, हे कळायला मला नऊ दिवस लागले.

दुकानात सांगितलं होतं, पिंजऱ्यात एक छोटी वाटी ठेवा. मी रोज सकाळी वाटी घासून ताजं पाणी भरायचे आणि रोज संध्याकाळी ते तसंच ओतून टाकायचे. तो वाटीवरून चालत जायचा, एकदा तर पाय बुडवून गेला, पण प्यायला नाही. नवव्या दिवशी त्याचे डोळे खोल गेलेले दिसले. एरवी ते छोट्या घुमटांसारखे बाहेर आलेले असतात. विष्ठेबरोबर या प्राण्याचा एक पांढरा खडा पडतो, तो लघवीचा घट्ट झालेला भाग. अंगात पाणी पुरेसं असलं की तो पांढरा असतो. आमच्याकडे तो गर्द नारिंगी पडत होता आणि मी समजत होते, किड्यांना गाजर घालतो म्हणून असेल.

शॅमेलिऑनला साचलेलं पाणी सहसा ओळखूच येत नाही. झाडावर जन्म काढणारा जीव तो. त्याच्यासाठी पाणी म्हणजे पानावर चमकणारा, हलणारा, ओघळणारा थेंब. त्या रात्री मी एका कागदी पेल्याच्या तळाला टाचणीने भोक पाडलं, पेला पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवला आणि थेंब बरोबर मनी प्लँटच्या पानावर पडेल असा सरकवला. टप्. मग बऱ्याच वेळाने पुन्हा टप्. पाचूचा एक डोळा पानाकडे वळला. दुसरा माझ्यावरच होता. मी जमिनीवर बसून राहिले. पंधरा-वीस मिनिटांनी त्याने मान पुढे काढली, पानाच्या टोकाला तोंड लावलं आणि प्यायला लागला. घोटाघोटाला हनुवटीखालची कातडी हलत होती. किती वेळ पीत होता! नऊ दिवसांची तहान होती ती, आणि वाटी घासण्यात मी रोज समाधान मानत होते.

आम्ही ओहायोत, कोलंबस शहराच्या कडेला राहतो. लेकाला अकराव्या वाढदिवसाला कुत्रा हवा होता, पण घरात केसांची अॅलर्जी आहे. मग त्याने वाचून वाचून स्वतःच शोधून काढलं की त्याला शॅमेलिऑन हवा. आम्ही आणला तो व्हेल्ड शॅमेलिऑन, मूळचा येमेनचा आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्येकडच्या डोंगराळ भागाचा. अमेरिकेत पाळण्यासाठी सर्रास पैदास होणारी ही जात. डोक्यावर शंकूसारखा उंचवटा, शेपटीची गोल गुंडाळी, आणि पाय म्हणजे चिमटेच. बोटं दोन आणि तीन अशी जोडलेली, समोरासमोर. फांदी पकडण्याखेरीज त्या पायांना दुसरं काम माहीत नाही. आणला तेव्हा तो जेमतेम तीन महिन्यांचा, माझ्या करंगळीपेक्षा थोडा मोठा आणि कोवळ्या केळीच्या पानासारखा हिरवा. लेकाने विचारलं, मराठीत हिरव्या रत्नाला काय म्हणतात? त्यावरून पाचू.

आधी प्राणी आणला आणि मग त्याचं घर शिकायला बसले, ही माझी मूळ चूक. ज्यांच्या मनात असं काही आहे त्यांना मी आता एवढंच सांगते, की घर आधी उभं करा. दोन आठवडे रिकाम्या पिंजऱ्यात दिवे लावा, फवारा सोडा, वरच्या फांदीवर किती तापतं आणि खालच्या पानांत किती थंड राहतं ते मोजा, आणि मगच जीव आणा. पिंजरा बारीक जाळीचा हवा, हवा खेळती राहील असा. पूर्ण वाढलेल्याला दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच. उंची सगळ्यांत महत्त्वाची, कारण त्याला आपल्यापेक्षा वर बसता आलं पाहिजे. आत खरी झाडं. आमच्याकडे मनी प्लँट, एक छोटा फायकस आणि जास्वंद आहे. जास्वंदीची फुलं तो खातोही. कुंडीतलं पहिलं लाल फूल मी गणपतीसाठी काढायला गेले, तर अर्धं खाल्लेलं. तेव्हापासून वरच्या फांदीची फुलं त्याची आणि खालच्या फांदीची गणपतीची.

दुसरी चूक उजेडाची. पिंजरा मी दक्षिणेच्या मोठ्या खिडकीपाशी ठेवला होता. ऊन भरपूर येतं, मग अतिनील दिव्याची महागडी नळी कशाला, असं मला वाटलं. पण उन्हातले ज्या पट्ट्यातले अतिनील किरण त्याला लागतात, ते खिडकीची काच अडवते. ते किरण कातडीवर पडल्याशिवाय त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसेल तर कितीही कॅल्शियम खाऊ घाला, हाडांत मुरत नाही. शरीर मग हाडांतलंच कॅल्शियम काढून वापरतं. हाडं मऊ पडतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा रबरासारखा होतो. वाकलेले पाय पुन्हा सरळ होत नाहीत. हे वाचलं त्याच रात्री मी नळी मागवली. ती नळी वर्षभराने बदलावी लागते. आपल्या डोळ्यांना उजेड तसाच दिसतो, पण त्यातलं जे त्याला हवं ते संपत आलेलं असतं.

खाणं म्हणजे जिवंत किडे. हे मला फार जड जाईल असं वाटलं होतं, पण गेलं नाही. जड गेलं ते हे समजून घेणं, की त्याला जेवू घालायचं म्हणजे आधी किड्यांना जेवू घालायचं. उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. म्हणून आमच्या बेसमेंटमध्ये रातकिड्यांचा एक आणि डुबिया झुरळांचा एक असे दोन डबे आहेत. त्यांना रताळं, गाजर, हिरवा पाला आणि संत्र्याची फोड मिळते. देण्याआधी किडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचे. बांगडा तांदळाच्या पिठात घोळवतो ना, तसे, पण त्याहून कितीतरी हलक्या हाताने. कधी रेशमाचे किडे आणते, ते मऊ आणि पाणीदार असतात. पाचू ते बघतो तेव्हा दोन्ही डोळे पहिल्यांदा एकाच दिशेला येतात, अंग पुढे झुकतं, तोंड किंचित उघडतं आणि जिभेचं टोक बाहेर दिसायला लागतं. मग काय होतं ते डोळ्यांना दिसत नाही. जीभ त्याच्या धडापेक्षा लांब जाते आणि परत येते. आपल्याला दिसतं ते एवढंच, की मघाशी तिथे किडा होता.

आता हाताबद्दल.

लेकाला त्याला हातावर घ्यायचं होतं. मलाही. पहिल्या आठवड्यात आम्ही रोज त्याला फांदीवरून काढून घेत होतो आणि तो आमच्या हातांवरून वर वर चढत राहायचा, मनगट, कोपर, खांदा. लेक म्हणायचा, त्याला आपण आवडतो. तो पळत होता. उंच चढणं हाच त्याचा पळून जाण्याचा मार्ग. वरून येणारी प्रत्येक गोष्ट त्याच्या लेखी पक्षी, मग तो माझा हात का असेना. एके दिवशी पिंजऱ्यात हात घातला तर तो अंग चपटं करून, गळा फुगवून माझ्याकडे वळला आणि फुस्स केलं. आणि त्या हिरव्या अंगावर, माझ्या डोळ्यांदेखत, शाईचा थेंब ओल्या कागदावर पसरावा तसा काळा रंग पसरत गेला.

मी हात मागे घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. तो रंग मी आधी एकदा पाहिला होता.

कुडाळजवळच्या आमच्या वाडीत. मी नऊ वर्षांची असेन. काजूचे दिवस होते, मार्चअखेर. आम्ही सात-आठ पोरं बिया गोळा करत होतो आणि कुंपणाच्या निवडुंगावर कुणाला तरी घोयरा दिसला. घोयरा म्हणजे आपल्याकडचा शॅमेलिऑन. जगात त्यांच्या दोनशेहून जास्त जाती आहेत, निम्म्याच्या आसपास एकट्या मादागास्करात, आणि भारतात ही एकच. आम्हाला हे कुठलं ठाऊक असायला? आम्हाला ठाऊक होतं ते हे, की घोयरा लांबून बघूनच माणसाचं रक्त ओढतो. तो वाटेत आडवा आला तर काम होत नाही. तो विषारी असतो. यातलं काहीही खरं नाही. पण दगड हातात यायला तेवढं पुरलं.

त्याला पळता येत नाही. तो वाऱ्यात पान हलावं तसा पुढेमागे झुलत झुलत एकेक पाऊल टाकतो. तीच त्याची लपण्याची युक्ती, आणि माणसाच्या पोरांपुढे तीच त्याचा घात करते. दगड लागत गेले तसा तो काळा होत गेला, आणि आम्ही टाळ्या पिटल्या. रंग बदलतोय बघ! आणखी मार, आणखी बदलेल! माझा एक दगड लागला होता. कुठला ते मला आजही नक्की आठवतं.

त्या संध्याकाळी आजीला कळलं. ती ओरडली नाही. तिने नृग राजाची गोष्ट सांगितली. मोठा दानशूर राजा. पण दान दिलेली एक गाय चुकून पुन्हा त्याच्या कळपात आली आणि ती त्याने दुसऱ्याला दान दिली. नकळत घडलेल्या त्या एका चुकीपायी तो सरडा होऊन कोरड्या विहिरीत पडून राहिला, कृष्णाने हात लावीपर्यंत. गोष्ट संपल्यावर आजी म्हणाली, विहिरीत कोण पडून आहे ते आपल्याला ठाऊक नसतं गो. मी रात्रभर घाबरून होते. पण मी घाबरले होते ती राजाला, सरड्याचं मला काहीच वाटलं नव्हतं. ते वाटायला पस्तीस वर्षं जावी लागली आणि ओहायोतला एक पिंजरा लागला.

आपण म्हणतो, सरड्यासारखा रंग बदलतो. म्हणजे खोटा, बेभरवशाचा. पाचूच्या सहवासात मला ती म्हण तोंडात घेववत नाही. आसपासच्या रंगात मिसळून जायला तो रंग बदलत नाही. त्यासाठी त्याचा मूळ हिरवा पुरेसा आहे. सकाळी दिवा लागतो तेव्हा तो दिव्याकडे कूस करून बसतो आणि तेवढी एकच कूस गडद करतो, ऊब शोषायला. अंग तापलं की फिकट होतो. घाबरला की काळपट पट्टे. गाढ झोपेत इतका फिकट, की पोपटी पानाची आतली बाजू वाटावी. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनचा अभ्यास करून हे कसं घडतं ते दाखवलं. कातडीतल्या काही पेशींत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे मांडलेले असतात. जीव शांत असताना ते जवळजवळ असतात, निळा प्रकाश परतवतात, आणि वरच्या थरातल्या पिवळ्याशी मिळून तो आपल्याला हिरवा दिसतो. जीव खवळला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि पिवळे, तांबडे रंग वर येतात. म्हणजे त्याच्या आत जे चाललंय ते कातडीवर उमटतंच. त्याला लपवता येत नाही. इतका उघडा जीव मी दुसरा पाहिलेला नाही.

मग आम्ही हात लावणं थांबवलं. लेकाला ते कठीण गेलं. पाळीव प्राणी आणि हात लावायचा नाही, हे कसं? मी त्याला म्हटलं, आपण त्याचं रान सांभाळायचं, तो त्यात राहील. लेकाने एक वही केली. तारीख, वेळ, रंग, कुठे बसला होता, काय खाल्लं. ती वही आता तिसरी आहे.

मे महिन्यात आम्ही त्याला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. गावात अशी डॉक्टर एकच, पाऊण तासाच्या अंतरावर. तिने पाचूला हातावर न घेता फांदीसकट उचललं, मागच्या पायाकडे बघितलं आणि विचारलं, तुम्हाला नर म्हणून कुणी दिला? या जातीत नराच्या टाचेवर अंड्यातून बाहेर येतो तेव्हापासून एक बारीक उंचवटा असतो, काट्यासारखा. पाचूच्या टाचा गुळगुळीत होत्या.

इंग्रजीत एक शब्द बदलून भागतं. मराठीत सगळी वाक्यं बदलावी लागली. झोपला नाही, झोपली. प्यायला नाही, प्यायली. आठवडाभर मी प्रत्येक क्रियापदाशी अडखळत होते, आणि ते फक्त व्याकरणापुरतं नव्हतं. डॉक्टरने दुसरी गोष्ट सांगितली होती, ती मनात घर करून बसली होती. मादी नराशिवायही अंडी घालते. फळलेली नसतात, पण घालावी लागतात. कोंबडीसारखंच, फक्त एकदम वीस, चाळीस, कधी त्याहूनही जास्त. तिला खोल, ओलसर माती मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते आणि त्यात मरते. पोटभर खायला आणि भरपूर ऊब मिळाली की अंडी जास्त होतात. म्हणून मादीला खाणं बेताचं, एक दिवसाआड चार-पाच किडे, आणि बसायच्या फांदीवर २७-२८ अंश सेल्सिअसच्या वर ऊब नाही. लाडाने जास्त भरवणं तिच्या जिवावर येतं. कोकणातल्या घरात वाढलेल्या माझ्यासारखीला, जिच्या हातून पाहुणा दुसऱ्यांदा वाढल्याशिवाय उठत नाही, हे रोज नव्याने शिकावं लागलं.

सप्टेंबरअखेर आई आली, सहा महिन्यांसाठी. पिंजरा दिसला आणि खोलीच्या दारातच थबकली. "ह्या काय हाडलंस गो घरात? घोयरो मां ह्यो?"

मी म्हटलं, घोयऱ्याची लांबची बहीण. आईने त्या खोलीत जाणं बंद केलं. संध्याकाळी दिवा लावल्यावर ती सगळ्या खोल्यांतून उदबत्ती फिरवायची, त्या खोलीच्या दारातून परत फिरायची. मला ते बरंच होतं, कारण धूर पाचूला चालत नाही. पण आईला मी तसं सांगितलं नाही.

तिला पहिल्यांदा खोलीत आणलं ते त्या कागदी पेल्याने. तोवर पेल्याच्या जागी नळीचं छोटं भांडं आलं होतं, पण काम तेच. आई दारातून बघत होती. म्हणाली, "गळती बांधलंस तिका?" आणि मी चमकले. पिंडीवर टांगतात ती गळती, वैशाखात तुळशीवर बांधतात ती गळती. सहा महिने मी रोज ते भांडं भरत होते आणि मला तो शब्द सुचला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून गळती भरायचं काम आईने घेतलं. आंघोळ करून, पाणी गाळून.

आणि रातकिडे. डिसेंबरात इथे बर्फ पडतो, साडेपाचलाच अंधारतं, आणि खिडक्या बंद असल्याने घर तापवणाऱ्या भट्टीच्या हवेच्या घरघरीशिवाय आवाज नसतो. आईला झोप लागत नव्हती. एका रात्री ती बेसमेंटच्या जिन्यावर बसलेली सापडली. खाली डब्यात मोठे झालेले नर किर्र करत होते. ती म्हणाली, मिरग सुरू झाल्यासारखं वाटतंय. त्यानंतर बेसमेंटचं दार रात्री उघडं राहू लागलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर पाचूच्या अंगावर निळे ठिपके आणि हळदीसारखे डाग दिसायला लागले. वहीत लेकाने पहिल्यांदा रंगीत पेन्सिली वापरल्या. म्हणजे दिवस जवळ आले. मी एक फूट खोलीचा डबा आणला, बाहेरचं दिसणार नाही असा, आणि त्यात धुतलेली वाळू व माती भरली. ओल किती हवी ते वाचून कळत नव्हतं. आईने मूठभर माती हातात दाबली. लाडू वळला, बोटांतून पाणी गळलं नाही. "जमली," म्हणाली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाचूने खाणं सोडलं. दिवसभर पिंजऱ्यात खाली-वर. जी कधी जमिनीला पाय लावत नाही, ती मातीत उतरली आणि पुढच्या पायांनी उकरायला लागली. मी पिंजऱ्यावर चादर टाकली होती, पण एका बाजूला फट ठेवली होती. रात्री मला राहवलं नाही. फटीला डोळा लावला. बोगदा चांगला वीतभर झाला होता, तिची शेपटीच काय ती बाहेर. मग ती मागे सरकली, वळली, आणि तिचा एक डोळा त्या फटीवर स्थिर झाला. दोन क्षण. मग ती बोगद्यातून बाहेर आली, वर चढली, आणि सकाळपर्यंत खाली उतरली नाही.

उकरताना कुणी बघतंय असं वाटलं तर मादी बीळ सोडून देते. मी हे वाचलं होतं. चार ठिकाणी वाचलं होतं. ज्याचं घर फोडून अंडी खातात त्या जिवाला एवढंच कळतं, की डोळा दिसला म्हणजे जागा गेली. सकाळी मी रडवेली होऊन आईला सांगितलं. आई माझ्यावर रागावली. आजवर ती पाचूच्या बाबतीत एवढं कधी बोलली नव्हती. "तिका बघत रव नको. बायलमाणूस ती."

मग आईने काय केलं, तर चादर नीट चारी बाजूंनी सोडली, फट बुजवली, एक खुर्ची आणून पिंजऱ्याकडे पाठ करून ठेवली आणि तिच्यावर बसून वाती वळायला घेतल्या. कुणी खोलीत येऊ नये, लेक शाळेतून आल्यावर धावत येऊ नये, मी येऊ नये. मुख्यतः मी. दोन दिवस ती तशी बसली. जेवायला उठायची तेव्हा माझ्या नवऱ्याला बसवायची, तोही पाठ करून. मागून माती उकरल्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. आवाज थांबला की आईचे हातही थांबायचे. मी दाराबाहेर जिन्यावर बसले होते, आणि तिच्या पाठीकडे बघून मला दिसत होतं आत काय चाललंय.

तिसऱ्या दिवशी पहाटे आई मला उठवायला आली. "दमली ती," एवढंच म्हणाली.

पाचू मधल्या फांदीवर होती. डोक्याच्या शंकूवर माती, पापण्यांवर माती, कुशी आत गेलेल्या, कातडी ढिली. खाली डब्यातली माती तिने पुन्हा भरून, दाबून सपाट केली होती. कुणाला कळू नये म्हणून. आईने गळती सोडली. पाचूने लगेच तोंड लावलं. आमच्याकडे बघितलंही नाही, दोन्ही डोळे पानाकडे. एक डोळा आमच्यावर न ठेवता ती पीत होती, हे मी पहिल्यांदा पाहत होते. अर्धा तास तरी गेला असेल. आईने विचारलं, बाळंतिणीला द्यायला काय आहे? मी रेशमाचे किडे काढले.

अंडी एकतीस निघाली. पांढरी, मऊ सालीची, शेंगदाण्याच्या दाण्याएवढी. फळलेली नव्हतीच, पण आईला ती कचऱ्यात टाकवेनात आणि बाहेर जमीन गोठलेली. म्हणून ती डब्यात घालून फ्रीजरच्या कोपऱ्यात राहिली. मार्चअखेर, परत जायच्या दोन दिवस आधी, तिने मागच्या अंगणात मेपलखाली हातभर खड्डा करून ती पुरली. लेकाने वहीत नोंद केली.

पुण्याच्या भाच्याने मध्यंतरी फोटो बघून विचारलं, मी पण आणू का? त्याला सांगितलं ते इथेही सांगते. आपला घोयरा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो पकडणं, विकत घेणं, घरात ठेवणं, सगळाच गुन्हा, आणि तसं नसतं तरी रानातला घोयरा पिंजऱ्यात टिकत नाही. परदेशी जातींपैकी ज्या साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, त्यात पाचूची जातही आली, त्यांची २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. आणि इथे अमेरिकेत लोक कंटाळून यांना बाहेर सोडून देतात. फ्लोरिडात माणसांनी सोडलेले व्हेल्ड शॅमेलिऑन आता झाडांवर वाढताहेत, तिथले किडे आणि छोटे जीव खाताहेत. दोष त्यांचा नाही. मादी पाच-सहा वर्षं जगते, नर थोडा जास्त. तेवढी वर्षं रोज गळती भरायची तयारी नसेल तर आणू नये. आणि एका पिंजऱ्यात दोन कधीच ठेवू नयेत. दुसऱ्याचं नुसतं दिसणंही त्यांना सोसत नाही.

पाचू आता अडीच वर्षांची आहे. खाणं आणि ऊब आवरल्यापासून तिने पुन्हा अंडी घातलेली नाहीत, तरी मातीचा डबा कायम खाली असतो. उन्हाळ्यात पिंजरा मागच्या ओट्यावर जातो, अर्धा सावलीत. खऱ्या उन्हात तिचा हिरवा असा काही उजळतो, की शेजारची म्हातारी बाई रोज कुंपणापर्यंत येऊन बघून जाते, पलीकडे उभी राहून. ती लांबूनच बघते, म्हणून मला ती फार आवडते.

रविवारी आईचा फोन असतो. गेल्या महिन्यात म्हणाली, कलमांच्या वाटेवर घोयरा होता, रिक्षा थांबवली. रिक्षावाला चिडला, पण हा आपला झुलत झुलत चाललाय, चांगली दहा मिनिटं. मी विचारलं, कुठल्या रंगाचा होता गो? ती म्हणाली, मी कशाला बघू, मी तोंड पलीकडे करून उभी राहिले.

मग नेहमीचं विचारलं. "पाणी प्याला मां तिना आज?"